लायोनेल थॉर्प खुर्चीवर बसतात

हॉलिवूडच्या सनसेट बुलेव्हारवरच्या ड्रगस्टोअरमध्ये कोणालाही विचारा, लायोनेल थॉर्प यांचे गुडघे वाकत नाहीत असंच सांगतील. इंग्लंडात एका लॉर्डच्या घोड्याने लाथ घातली, डॉक्टरने दोन्ही पायांत लोखंडी सळया बसवल्या, आणि तेव्हापासून हा माणूस झोपतोसुद्धा भिंतीला टेकून, उभ्यानेच. पुरावा? पुरावा सगळ्या जगाने तिकीट काढून पाहिलेला. "एक सिनेमा दाखव," सोडा ओतणारा डेल्बर्ट छाती ठोकून म्हणायचा, "एकच, ज्यात ते म्हातारबा बसलेत. दाखव की!" आणि कोणालाच दाखवता यायचा नाही.

खरं म्हणजे गुडघे ठणठणीत होते. आमच्या कोर्टात, म्हणजे समोरासमोर दोन रांगांत बांधलेल्या त्या बुटक्या घरांच्या मधल्या अंगणात, थॉर्प रोज सकाळी उकिडवे बसून जिरेनियमच्या वाफ्यातलं गवत उपटायचे. घरमालकीण ओबरहोल्टबाई खिडकीतून ओरडायच्या, "अहो थॉर्प, ते गवत नाही, ती माझी पार्सली आहे!" लॉर्ड नव्हता, घोडा नव्हता, आणि इंग्लंड त्यांनी पाहिलं होतं ते स्टुडिओने पुठ्ठ्याचं बांधलेलं. इतकंच काय, ते लायोनेल थॉर्पही नव्हते. मिशिगनच्या पार वरच्या टोकाला, तांब्याच्या खाणीच्या गावात जन्मलेले ते जेबेझ नॅनकिव्हेल. आजा इंग्लंडातल्या कॉर्नवॉलहून खाणीत उतरायला आला, बाप त्याच खाणीत उतरला.

सिनेमात कधी बसले नाहीत, एवढं मात्र खरं. बटलर बसत नाही, दुसरं काय?

नॅनकिव्हेलांच्या घरी टेबल एवढं मोठं की खोलीत दुसरं काही मावायचं नाही, पण खुर्च्या मोजक्या. खुर्ची ज्याने त्याने कमवायची. खाणीत उतरतो तो बसतो. जो उतरत नाही तो उभ्याने जेवतो, मग तो चार वर्षांचा असो की चौदा. पोरं टेबलाच्या कडेशी दाटीवाटीने उभी राहून, मांस-बटाटा भरलेली पेस्टी हातात धरून खायची. मधेच एखाद्या मोठ्याने नुसती भुवई उचलली की पोराने ओळखायचं, याला चहा हवाय की मीठ, आणि पळायचं. पुढे हॉलिवूडमध्ये लोक थॉर्पना विचारत, "हे न सांगता ओळखणं तुम्ही कुठल्या वाड्यावर शिकलात हो?" थॉर्प गंभीरपणे म्हणत, "एका मोठ्या घराण्यात." खोटं नव्हतं. नऊ पोरं होती.

मुलगा पहिल्यांदा खाणीत उतरायचा त्या आठवड्यात बाप, टोबायस नॅनकिव्हेल, मेपलच्या लाकडाची खुर्ची स्वतःच्या हाताने करायचा. जेबेझची खुर्ची होत आली होती. तीन पाय बसले होते. तेवढ्यात गावात एक फिरती नाटक कंपनी आली, नोकराची कामं करणाऱ्या तिच्या नटाला गालगुंड झालं, आणि जेबेझने ट्रे घेऊन स्टेजवर जाऊन "पाहुणे आले आहेत, सर" एवढं म्हटलं. कंपनी गेली तेव्हा तोही तिच्याबरोबर गेला. टोबायसने चौथा पाय ठोकला आणि खुर्ची एका फिनलंडच्या भाडेकरूला देऊन टाकली. रडारड वगैरे काही झाली नाही. फक्त जेबेझचं नाव निघालं की म्हातारा म्हणायचा, "तो? तो उभाच गेला."

नाटक कंपनी कॅलिफोर्नियापर्यंत येऊन मोडली. कंपनीतल्या एका खऱ्याखुऱ्या इंग्रज नटाने मरताना आपला शेपटीचा काळा कोट जेबेझला दिला, आणि जिवंत असताना आपला आवाज शिकवला होता. कोट आधी उपयोगी पडला. मुक्या सिनेमांच्या दिवसांत ज्याच्याकडे स्वतःचा कोट असेल त्याला गर्दीत पुढे उभं करायचे. मग सिनेमा बोलायला लागला आणि आवाज उपयोगी पडला. तो आवाज तळघरातून एकेक पायरी चढत वर यावा तसा यायचा. "गाडी तयार आहे, सर." "बाईसाहेब घरात नाहीत." "इन्स्पेक्टर आले आहेत." हे शेवटचं ते असं म्हणायचे की खून कोणी केला ते प्रेक्षकांना तिथेच कळायचं, आणि उरलेला सिनेमा लोक सवयीने बघायचे.

नायिका बदलल्या, नायकांची पोटं सुटली, लढाई सुरू झाली आणि संपली, थॉर्प दारातच. कधी बटलर, कधी हॉटेलातला मुख्य वेटर, कधी न्यायालयातला पट्टेवाला. पेल्यांचा खणखणाट माइकमध्ये जाऊ नये म्हणून ट्रेवर बनातीचा तुकडा चिकटवलेला असायचा. दिग्दर्शक त्यांना तीन शब्दांत उरकायचे: "थॉर्प, या, द्या, जा!" शॉट संपला, दिवे विझायला लागले की मेजवानीच्या टेबलाजवळून जाताना ते एखाद्या खुर्चीच्या पाठीवरून हात फिरवायचे. बाहेर कॅनव्हासच्या खुर्च्या होत्या, त्यांवर दिवसभर बसायला कोणाची ना नव्हती. पण त्या उजेडातल्या खुर्चीवर नाही.

आता फोन. आख्ख्या कोर्टाचा एकच, ओबरहोल्टबाईंच्या स्वयंपाकघराबाहेरच्या भिंतीवर. दर सिनेमानंतर थॉर्पची बहीण थर्झा मिशिगनहून फोन करायची. लांबचा फोन म्हणून ती ओरडायची, ती ओरडते म्हणून थॉर्पही ओरडायचे, आणि ओरडता ओरडता बटलरचा आवाज गळून पडायचा. मग खाणीच्या गावातला जेबेझ कोर्टभर ऐकू यायचा, आणि पलीकडची थर्झाही.

"जेब! बघितला रे सिनेमा! छान दिसत होतास!"

"बाबा आले होते?"

"आले होते की! टोपीबिपी घालून, पहिल्या रांगेत."

"काय म्हणाले?"

"काय म्हणणार? तेच!"

"तेच" म्हणजे काय ते आम्हा सगळ्यांना पाठ होतं. सिनेमा-नाटक हे सैतानाचं दुकान असं सत्तरीपर्यंत चॅपलमध्ये उभं राहून सांगणारा टोबायस आता मुलाच्या प्रत्येक सिनेमाला जायचा. दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू, छातीत खाणीची धूळ. पडद्यावर त्याला नुसता उजेड हलताना दिसायचा. थॉर्पचा आवाज आला की तो थर्झाला कोपर मारायचा आणि सगळ्या थिएटरला ऐकू जाईल असं विचारायचा, "बसला का?"

"नाही, बाबा."

"हं." की उठला, काठी घेतली, चालला घरी. खुनी सापडायची वाटही बघायचा नाही. पुढेपुढे तर थॉर्प पडद्यावर आले की मागच्या रांगेतली कार्टी म्हाताऱ्याच्या आधी कोरसमध्ये ओरडायची, "बसला काऽऽ?"

आणि एका शरदात थर्झा नेहमीपेक्षा हळू ओरडली. बाबांची छाती फार वाजते. डॉक्टर म्हणतात, हा हिवाळा काढतील, पुढचा नाही.

त्या दिवसापासून थॉर्पना दुसरं काही सुचेना. म्हाताऱ्याने एकदा विचारावं आणि थर्झाला "हो" म्हणता यावं, एवढंच त्यांना हवं होतं. "मग तिला म्हणावं, सांगून टाक हो म्हणून!" ओबरहोल्टबाई म्हणाल्या. "त्यांना कुठे दिसतंय?" पण थर्झा चॅपलमध्ये ऑर्गन वाजवणारी. नुसत्या खोटं बोलायच्या विचाराने तिला ताप भरायचा. तेव्हा थॉर्प टोपी हातात घेऊन कास्टिंग ऑफिसात गेले आणि आयुष्यात पहिल्यांदा स्वतःहून काम मागितलं.

"बसायचं काही काम आहे का, मिस्टर लुट्झ?"

लुट्झ नाकातून बोलायचा, जसं काही प्रत्येक शब्दाला आधी शिंक येऊन गेलीय. "बसायचं? अहो थॉर्प, तुम्ही बसलात तर दार कोण उघडणार?"

थॉर्पनी विचार केला. त्यांना त्यात तथ्य वाटलं. ते परत आले.

पण फेब्रुवारीत झालं असं. एका विनोदी सिनेमातल्या मेजवानीच्या सीनला थॉर्प नेहमीप्रमाणे खुर्चीमागे उभे होते. खुर्ची वधूपित्याची. आणि वधूपित्याचं काम करणाऱ्या नटाला सकाळीच पित्ताशयाच्या खड्याने असं काही धरलं की त्याला दारावर घालून नेलं, तेही सेटवरच्या खोट्या दारावर. दिग्दर्शक ब्रँडवोल्ड डोक्याला हात लावून ओरडायला लागला. "टेबल मांडलंय! दिवे लागलेत! मांस गार होतंय! आता मी काळा कोट मापाने शिवलेला म्हातारा आणू कुठून?" आणि तो थॉर्पशीच येऊन थांबला. वरून खाली पाहिलं. "कोट तुमचा स्वतःचा?"

"हो, सर."

"ट्रे त्या पोराला द्या. बसा."

तालमीला थॉर्प पुढे झाले, वधूपित्याची खुर्ची अलगद मागे ओढली, आणि तिच्या बाजूला ताठ उभे राहिले. सगळा सेट वाट बघतोय. ब्रँडवोल्ड म्हणाला, "थॉर्प, कोणाची वाट बघताय? तो आता तुम्हीच आहात!" तेव्हा कुठे ते बसले. हशा पिकला, तो त्यांना ऐकूही आला नाही. समोर पांढरं टेबलक्लॉथ, भाजलेलं कोकरू, कुस्करलेला बटाटा, मटार, ऊन पाव, लोणी. टेबल त्यांनी या उंचीवरून कधी पाहिलंच नव्हतं.

आणि मग पहिल्याच शॉटला ते जेवले.

आता आमच्या हॉलिवूडमध्ये शेंबड्या पोरालाही ठाऊक असतं की जेवणाच्या सीनमध्ये जेवायचं नसतं. मांस कापायचं, मटार इकडचे तिकडे करायचे, काटा तोंडाशी नेला की नेमकं बोलायला लागायचं. कारण लांबच्या शॉटला जे केलंत तेच जवळच्याला करावं लागतं, मग डावीकडून, मग उजवीकडून, मग कोणी वाक्य चुकलं की परत. थॉर्प जन्मभर अशा टेबलांमागे उभे राहिले होते, पण मागून दिसतात ते लोकांचे भांग. काटे दिसत नाहीत.

कंटिन्युइटी, म्हणजे एक शॉट दुसऱ्याशी जुळतोय ना ते, बघणाऱ्या मिस पर्डी चष्मा सरसावत आल्या. त्यांचा आवाज म्हणजे घड्याळाची चावी. "मिस्टर थॉर्प. 'सुस्वागतम' म्हणताना कोकरू. 'माझी कन्या' म्हणताना बटाटा, मोठा घास. नंतर पाव मोडून, लोणी लावून, अर्धा. 'देव भलं करो'नंतर परत कोकरू. बरोबर?"

"बरोबर, मिस पर्डी."

"मग आता तेच. दर वेळी."

दुपारपर्यंत तिसरं कोकरू भट्टीत गेलं होतं. नायिका डेल्फीन रोअर्क गोड हसत, ओठ न हलवता कुजबुजली, "काका, गिळताय काय? खाली बादली आहे, बादलीत टाका!"

"अन्न?" थॉर्प म्हणाले, आणि गिळलं.

"वेडे आहात तुम्ही. मटार तरी सोडा."

"मटार मी 'शुभेच्छा'ला खाल्लेत, बाई."

दिवस कलला तेव्हा त्यांचा क्लोजअप आला. मुलीला निरोप देणारं एक वाक्य होतं. त्यांनी शेवटचा घास गिळला, वाक्य म्हटलं, आणि त्यांचे डोळे भरून आले. ते कोकराने, पुदिन्याच्या जेलीने की आणखी कशाने, हे त्यांना स्वतःलाही सांगता आलं नाही. ब्रँडवोल्डने टोपी काढली. "कट. सुंदर. अहो, तुम्ही इतकी वर्षं होतात कुठे?"

"आपल्या मागेच, सर," थॉर्प म्हणाले.

घरी आले ते थेट अंगणात उताणे झाले. "ओबरहोल्टबाई, सोडा द्या, थोडा सोडा!" बाईंनी सोडा आणला, आख्खं कोर्ट जमलं, आणि पोटावर हात ठेवून, कण्हत कण्हत, हसत हसत त्यांनी सगळं सांगितलं. सगळ्यांची हसून मुरकुंडी वळली. हसणं ओसरल्यावर ते आकाशाकडे बघत म्हणाले, "पण बसलो."

सीन राहतो की कापला जातो, ही धाकधूक वसंतापर्यंत होती. राहिला, आणि तो त्या जेवण्याच्या चुकीपायीच राहिला. बाकीच्या सगळ्यांनी मटार नुसते ढकललेले, त्यामुळे एका शॉटमध्ये ढीग डावीकडे तर पुढच्यात उजवीकडे. संकलकाला काही जुळवता येईना. थॉर्प मात्र प्रत्येक शॉटमध्ये घासाला घास सारखे. तेव्हा जिथे जिथे जोड उसवत होता, तिथे तिथे त्याने थॉर्प लावले. आमच्या थिएटरात आम्ही पाहिलं तर मेजवानीभर थॉर्पच थॉर्प! बसलेले, खाणारे, मान हलवणारे. आम्ही पाय आपटून तक्तपोशी हलवली. डेल्बर्टचं तोंड उघडं ते उघडंच.

सिनेमा मिशिगनला पोचायला आणखी काही आठवडे गेले. दर रविवारी थॉर्प दाढी करून फोनजवळ गवत उपटत बसायचे, जिथे गवत नव्हतंच. म्हातारा अजून होता. आणि एके दिवशी फोन वाजला.

"जेब! बघितला! अरे, किती वेळ बसला होतास रे!"

"बाबा?"

थर्झाचं ओरडणं एकदम खाली आलं. 

"विचारलं त्यांनी," ती म्हणाली.

"मग?"

"मी म्हटलं, हो बाबा, बसलाय. खुर्चीवर बसून जेवतोय."

"मग?"

"म्हणाले, खोटं बोलतेस."

थॉर्पनी भिंतीला हात टेकला.

"जेब, मी बायबलची शपथ घेतली रे! सगळं थिएटर ओरडलं, 'बसलाय, टोबायस, बसलाय!' मागची कार्टीसुद्धा. पाद्री स्वतः उठून आले सांगायला. तर म्हणाले, 'डोळे गेलेत, कान शाबूत आहेत. हा उभ्या माणसाचा आवाज आहे.' आणि काठी घेऊन चालले गेले. जेब? आहेस ना?"

"आहे. बाबांना शाल घालत जा," थॉर्प म्हणाले, आणि फोन ठेवला.

ओबरहोल्टबाई खवळल्या. "हेकट म्हातारा! सगळा गाव सांगतोय तरी ऐकत नाही म्हणजे काय?"

"हेकट नाहीत ते, बाई," थॉर्प सावकाश म्हणाले. "खाणीत दिवा विझला की हाक मारतात. जो ओ देतो, तो उभा आहे, वाकलाय की दगडाखाली बसलाय, ते आवाजावरून ओळखावं लागतं. तसं ओळखून त्यांनी माणसं बाहेर काढलीत."

ते अंगणात आले. मी कोर्टातलीच, गर्दीत उभी राहायला स्टुडिओत जाणारी पोरगी; मला मात्र ते पटेना. बसलेल्या माणसाचा आवाज उभ्यासारखा कसा येईल? लुट्झचं नाक, मिस पर्डींची चावी, थर्झाचा आरडाओरडा, कोर्टातल्या प्रत्येकाचा आवाज मी त्याच्या तोंडावर काढून दाखवायचे, आणि खुद्द थॉर्पही माझ्या थॉर्पवर खूश असायचे. मी म्हटलं, "मिस्टर थॉर्प, पैज लावा. मी पाठ करून उभी राहते. तुम्ही बसून बोला, उभे राहून बोला, मनाला येईल तसं. तुम्ही बसून बोललात की मी बरोबर ओळखणार. मग मी स्वतः मिशिगनला फोन करते आणि तुमच्या बाबांना सांगते, की माझे कान तुमच्याहून तरुण आहेत."

"आणि हरलीस तर?"

"तर तुमची नक्कल बंद. कायमची."

त्यांनी थोडा विचार केला. "लागली," म्हणाले.

मी अंगणातल्या झाडाकडे तोंड करून डोळे मिटले. मागे पावलं वाजली, थांबली, परत वाजली. मग तो आवाज आला, एकेक पायरी चढत.

"मला थोडा चहा देता का?"

"उभे!" मी म्हटलं. हे काय अवघड?

परत पावलं. "मला थोडा चहा देता का?"

"उभे."

या वेळी बराच वेळ गेला. त्यांनी घसा साफ केला, श्वास घेतला, आणि अगदी हळू, मऊ म्हटलं, "मला थोडा चहा देता का?"

"उभेच! अहो, एकदा तरी बसा की!"

मी वळले. ते दाराच्या खालच्या पायरीवर बसले होते. कोटाची शेपटी मांडीवर गोळा करून, दोन्ही हात गुडघ्यांवर.

"या वेळी बसलात होय?"

"तिन्ही वेळा," ते म्हणाले.

मी पैज हरले. जिंकल्याचा आनंद त्यांच्या तोंडावर कुठेही नव्हता. त्यांनी पायरीवर थोडं सरकून मला जागा केली आणि विचारलं, "तुला सगळ्यांचे आवाज येतात. बसलेला माणूस कसा म्हणतो ते?"

मी त्यांच्या शेजारी बसले आणि मला येत होतं तसं म्हटलं, "मला थोडा चहा देता का?"

"परत म्हण," ते म्हणाले, आणि डोळे मिटून ऐकायला लागले.